मारात पहिल्यांदा जाताय? प्राणी ओळखायला इथून सुरुवात करा

जून आला की ओळखीतलं कोणी ना कोणी केनियातल्या मसाई माराला निघालेलं असतं आणि मग मेसेज येतो, "तू चार वेळा जाऊन आलायस ना, काय काय बघायचं सांग, बिग फाइव्ह दिसतील ना?" फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. आणि सुरुवातीलाच सांगतो, ती बिग फाइव्हची यादी शिकाऱ्यांची आहे. पायी जाऊन मारायला सगळ्यात अवघड आणि जिवावर बेतणारे ते पाच, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप बफेलो. त्यात जिराफ नाही, चित्ता नाही, तरस नाही, पाणघोडा नाही. आपण बंदूक घेऊन जात नाही, तर त्यांची यादी आपण का चालवायची.

मी विदर्भातला, ताडोबा-नागझिरा लहानपणापासून पायाखालचं. तरी माराच्या पहिल्या ट्रिपला दोन दिवस काहीच धड कळत नव्हतं. आपल्या जंगलात झाडी दाट, एका वेळी एकच प्राणी समोर येतो आणि तो बहुतेक ओळखीचा असतो. मारात उघडं गवताळ रान, नजर टाकली की सात-आठ जातींचे प्राणी एकत्र चरताना दिसतात आणि त्यातले निम्मे 'हरणासारखं काहीतरी' वाटतात. तिसऱ्या दिवशी आमच्या गाईडने एक पद्धत सांगितली, की नाव विचारू नका, आधी अंग बघा, पाठ, शिंगं, तोंड, नक्षी, कान-शेपूट आणि शेवटी नजर, ह्याच क्रमाने. तीच पद्धत खाली देतोय, त्यात माझ्याकडून थोडी भर आहे.

निघण्याआधी

दुर्बीण प्रत्येकाची वेगळी न्या. घरात मिळून एकच नेली तर चित्ता पळत असताना ती दुसऱ्याच्याच हातात असते. ८ बाय ४२ ची बेस्ट, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची, १० पटीच्या पुढे जाऊ नका, गाडीत हात हलतो आणि चित्र थरथरतं. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर आहे, त्यामुळे विषुववृत्त जवळ असूनही पहाटे उघड्या टपाच्या गाडीत कुडकुडायला होतं, जॅकेट न्याच. यलो फीवरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि ते कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवा, भारतात परत उतरताना लागतं. केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर २०१७ पासून बंदी आहे, तर चिवडा-चकली डब्यातच भरा. आणि एक छोटी वही घ्या, फोटो सगळेच काढतात पण आपण काय पाहिलं ते संध्याकाळी लिहिलं की डोक्यात पक्कं बसतं.

पायरी १: आधी पाठ बघा

पहाटेच्या उजेडात रंग कळतच नाही, सगळं काळपट करडं. तेव्हा रंगाच्या मागे लागू नका, पाठीची रेघ बघा. खांदे उंच आणि पाठ मागे उतरती दिसली तर तीन-चारच उमेदवार उरतात. मान जाड, डोकं मोठं, चाल जरा डुलत, तर तो तरस. तोंड घोड्यासारखं लांबुळकं आणि अंग तुकतुकीत, तर टोपी किंवा कोंगोनी. टोपी म्हणजे आपल्या डोक्यावरची तीच, उच्चार अगदी तसाच, आणि त्याच्या मांड्यांवर जांभळट काळे डाग असतात, चिखलात बसून उठल्यासारखे. कोंगोनी साधा तांबूस. आणि दाढी, आयाळ, वाकडी शिंगं असं सगळं एकाच प्राण्यात कोंबलेलं दिसलं की विल्डबीस्ट.

तरसाची पाठ उतरती का, तर पुढचे पाय लांब आणि मान-खांदे भयंकर ताकदीचे, अख्खी तंगडी तोंडात धरून तो लांबवर पळत जाऊ शकतो. ही सवयच लावून घ्या, काही विचित्र दिसलं की ते कशासाठी असेल हा प्रश्न लगेच विचारायचा.

पाठ सरळ आणि अंग भरलेलं असेल तर झेब्रा, लांबून पट्टे दिसतच नाहीत, करडं गाढव वाटतं. खांद्यावर वशिंड आणि गळ्याखाली बैलासारखी लोंबती पोळी असेल तर इलँड, कुरंगांमधला सगळ्यात थोराड, नर सात-आठशे किलोचा सहज भरतो. त्याचा नर चालताना गुडघ्यातून कट् कट् आवाज येतो, गाडी बंद करून बसलात तर ऐकू येईल, मला पहिल्यांदा वाटलं गाडीतच काहीतरी बिघडलंय.

पायरी २: शिंगं

आत्ता कुरंग म्हटलं, ते नीट समजून घ्या कारण इथेच आपल्या लोकांची सगळ्यात जास्त चूक होते. आपल्याकडे चितळ, सांबर हे सारंग, त्यांच्या शिंगांना फांद्या फुटतात आणि ती दरवर्षी गळून नवीन येतात, मादीला शिंगं नसतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय हे कुरंग, त्यांची शिंगं एकदा आली की आयुष्यभर तीच. सहारा वाळवंटाच्या खाली आफ्रिकेत सारंग मुळातच नाहीत. म्हणजे मारात जे जे 'हरीण' दिसेल ते कुरंग, चिंकाऱ्याच्या गोतावळ्यातलं. "ते बघ सांबर" असं म्हणायची जागाच नाही.

मग शिंगं बघून पुढे जा. कळपातल्या एकालाच लांब, वीणेसारखी वळलेली शिंगं आणि बाकी सगळ्या बोडक्या, तर तो इम्पाला, एक नर आणि त्याच्या माद्या. नुसते शिंगवाले इम्पाला एकत्र दिसले तर ते बिनकळपाचे तरुण नर. इम्पालाला मागून बघा, ढुंगणावर तीन काळ्या उभ्या रेघा असतात, मधली शेपटाची. थॉमसन गॅझेल लहान, कुशीवर ठसठशीत काळा पट्टा आणि शेपूट एक क्षण स्वस्थ नाही. ग्रँट गॅझेल त्याच्यासारखाच पण मोठा, आणि ढुंगणाचा पांढरा रंग शेपटाच्या वरपर्यंत चढलेला. गाडीत बसल्या बसल्या ह्या दोघांवर पाच मिनिटं घालवा, एकदा कळलं की कळलं.

डिक-डिक मात्र सोडू नका. सशापेक्षा थोडंसंच मोठं, पाचेक किलोचं, झुडपाच्या बुडाशी जोडीने उभं असतं, नराला बोटभर शिंगं. डोळ्याच्या कोपऱ्यात काळा डाग दिसतो, ती ग्रंथी आहे. मी एकदा गाडीपासून सात-आठ फुटांवर बघितलं, नराने मान वाकडी केली, वाळक्या काडीचं टोक अगदी डोळ्यात जाईल असं त्या ग्रंथीत घातलं आणि मागे सरला, काडीच्या टोकावर डांबराचा असावा तसा चकचकीत काळा थेंब. ही त्यांची हद्दीची खूण. शेजारच्या जोडीसाठी तो थेंब म्हणजे दारावरची पाटी.

केप बफेलोचं वय पण शिंगांवरून कळतं. म्हाताऱ्या नराची दोन्ही शिंगं कपाळावर जुळून हेल्मेट घातल्यासारखी ढाल होते, तरुणाच्या मधे अजून केस दिसतात, मादीची शिंगं बारीक आणि ढाल नाही. असे म्हातारे नर कळप सोडून दोघं-तिघं मिळून चिखलात पडलेले असतात. दिसायला आपली म्हैस, पण त्यांना म्हैस समजू नका. न डरकाळी न इशारा, थेट अंगावर येतात. कॅम्पवर रात्री तंबूतून बाहेर पडताना रखवालदाराला बोलवा म्हणतात ते ह्यांच्यासाठी आणि पाणघोड्यांसाठी.

पायरी ३: तोंड

तोंडावरून प्राणी काय खातो ते कळतं, त्यावरून कुठे सापडेल आणि कधी सापडेल ते पण. सगळ्यात सोपं उदाहरण गेंड्याचं. पांढरा गेंडा पांढरा नसतो आणि काळा काळा नसतो, दोन्ही चिखलाच्या रंगाचे. पांढऱ्याचे ओठ रुंद, सपाट, गवत कापायच्या मशीनसारखे, म्हणून डोकं कायम खाली आणि राहणार मोकळ्या माळावर. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, पोपटाच्या चोचीसारखा, त्याने तो काटेरी झुडपांची पानं ओढून खातो, म्हणून डोकं वर आणि राहणार झाडोऱ्यात. पिल्लू बरोबर असेल तर अजून सोपं, पांढऱ्याचं पिल्लू बहुतेक वेळा आईच्या पुढे चालतं, काळ्याचं मागे. मारात आहेत ते काळे, संख्येने थोडे आणि लाजरे. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये बघायचे असतील तर लेक नाकुरू जोडून घ्या. दोघांनाही दोन शिंगं, आपल्या काझीरंगातल्याला एक. आणि नानयुकीजवळच्या ओल पेजेटा अभयारण्याला जायला मिळालं तर नाजिन आणि फातू ह्या माय-लेकी बघून या, उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांमधल्या जगात उरलेल्या ह्या दोघीच. शेवटचा नर सुदान मार्च २०१८ मध्ये गेला. ज्या शिंगासाठी ही जात संपवली ते नुसतं केराटिन असतं, आपल्या नखांत असतं तेच. हे लिहिताना पण जीव तुटतो.

झेब्रा आणि विल्डबीस्ट एकत्र का चरतात हे पण तोंडातच आहे. झेब्र्याला घोड्यासारखे वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात, तो उंच, जून गवताचे दांडे कापून खातो. मग खाली जे कोवळं उघडं पडतं ते विल्डबीस्टचं, त्याचं तोंड रुंद, वरती पुढचे दात नाहीत. आणि त्यानंतर जमिनीलगतचं फुटलेलं बारीक गवत थॉमसन गॅझेल टोकदार तोंडाने वेचतो. एकाच ताटात तिघांची पंगत, कोणी कोणाच्या घासाला हात लावत नाही. जुलै ते ऑक्टोबर लाखो विल्डबीस्ट शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून मारात येतात ते ह्याच गवताच्या मागे, मारा नदी ओलांडायचा तो प्रसिद्ध सीन त्यातला एक तुकडा आहे. त्यासाठी जाणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा, कळप काठावर तासन् तास उभा राहतो, पुढे येतो, परत मागे फिरतो, आणि काठाला गाडी अगदी खेटून उभी केली तर त्यांची उतरायची वाट आपणच अडवतो. ड्रायव्हरला लांब थांबायला सांगा.

पाणघोडा दिवसभर पाण्यात असतो म्हणून लोकांना वाटतं तो पाण्यातलं काहीतरी खातो. तसं नाही, तो रात्री बाहेर येऊन गवत खातो, एका रात्रीत चाळीसेक किलो, आणि उजाडायच्या आत परत पाण्यात, कारण त्याची कातडी उन्हात तडकते. कातडीतून लालसर स्राव येतो तो रक्त नाही, त्याचं उन्हापासूनचं औषध आहे. तो जबडा वासून दाखवतो तेव्हा जांभई देत नाहीये, दम देतोय. आणि तो आणि पाणी ह्याच्यामध्ये कधीही, कधीही उभं राहायचं नाही.

पायरी ४: अंगावरची नक्षी

आता चित्ता आणि बिबट्या. आपल्याकडे बिबट्या जुन्नरच्या उसात पण आहे आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पण, तरी गावाकडे अजून सर्रास 'चित्ता आला' म्हणतात. खरा चित्ता भारतातून संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं. त्याच्या आधी कोल्हापूर संस्थानात पाळलेल्या चित्त्यांकडून काळवीटाची शिकार व्हायची, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, आणि इथले चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणले जायचे. म्हणजे २०२२ मध्ये नामिबियाहून कुनोला आले ते आफ्रिकेतून भारतात आलेले पहिले चित्ते नव्हेत.

ओळखायचं असं. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत काळी रेघ, अश्रू ओघळल्यासारखी. ती दिसली की विषय संपला. अंगावर भरीव गोल ठिपके, शाईचा थेंब टेकवावा तसे. बिबट्याच्या अंगावर ठिपके नाहीत, पाकळ्यांची फुलं आहेत, मधे पिवळसर मोकळं. चित्ता उंच, पोट आत गेलेलं, डोकं लहान. बिबट्या बुटका, दणकट, मान जाड, कारण त्याला शिकार तोंडात धरून झाडावर चढायचंय. म्हणून बिबट्या बघायचा असेल तर जाड आडव्या फांदीवरून खाली लोंबणारी शेपूट शोधा. आणि चित्ता बघायचा असेल तर वारूळ शोधा, त्यावर चढून तो टेहळणी करतो. चित्त्याची नखं मांजरासारखी पूर्ण आत जात नाहीत, धावताना खिळ्यांच्या बुटासारखी जमीन पकडतात. डरकाळी त्याला फोडताच येत नाही, गुरगुरतो आणि पिल्लांना बोलावताना पाखरासारखा चिवचिवाट करतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आजूबाजूला पक्षी शोधत होतो.

मादी चित्ता पिल्लं एकटीच वाढवते, नर मात्र बहुतेकदा भाऊ-भाऊ मिळून टोळी करतात, काही वर्षांपूर्वी मारात पाच नरांची टोळी होती, तानो बोरा नावाची. शिकार बहुतेक दिवसाउजेडी करतो, ताशी शंभराच्या आसपास वेग पण काही सेकंदच, त्यानंतर धापा टाकत बसतो आणि तेवढ्यात तरस आला की शिकार सोडून देतो, कारण एक जखम झाली तर पुढची शिकार बंद. आता ह्यात आपण २० गाड्या घेऊन भोवती गोल केला तर काय होईल. २०१८ मध्ये मारातल्याच चित्त्यांवरचा अभ्यास आला, गाड्यांची गर्दी जास्त असलेल्या भागात एका मादीची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी झाली, गर्दी कमी तिथे २.३. हा आकडा मला पाठ आहे आणि गाडीत बसताना मी तो ड्रायव्हरला सांगतो. एका प्राण्याभोवती पाच गाड्या आणि २५ मीटर अंतर असा तिथला नियम आहे, तो आपल्या तोंडून पण आला पाहिजे. आमच्या दुसऱ्या ट्रिपला ड्रायव्हर गाडी अगदी मादीच्या पुढ्यात घालत होता, टिप जास्त मिळेल म्हणून, बाकीच्यांना पण फोटो हवे होते. आम्ही "नको, मागे घ्या" म्हटल्यावर तो आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा मोकळा झाला.

जिराफ आणि झेब्रा थोडक्यात. मारातल्या जिराफाचे चट्टे कडेने फाटके, द्राक्षाच्या पानासारखे. उत्तरेला सांबुरूत गेलात तर तिथल्या जिराफावर पांढऱ्या रेघांची स्वच्छ जाळी असते आणि नाकुरूतल्याचे गुडघ्याखालचे पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. नर-मादी डोक्यावरच्या शिंगांवरून, मादीच्या शिंगांना काळ्या केसांचा झुपका, नराचं टोक मारामारीने टक्कल पडलेलं. मानेत मणके आपल्याइतकेच, सात. झेब्र्यांमध्ये साध्या झेब्र्याचे पट्टे पोटाखालपर्यंत, सांबुरूतल्या ग्रेव्हीचे बारीक बारीक पट्टे, पोट पांढरं आणि कान गोल मोठे. पट्टे कशासाठी ह्यावर बरीच मतं आहेत, आज सगळ्यात भक्कम पुरावा चावऱ्या माश्यांच्या बाजूने आहे, पट्ट्यांवर त्यांना नीट उतरताच येत नाही.

सिंहाला नक्षी नाही, पण पिल्लांच्या पायांवर-पोटावर फिकट ठिपके असतात ते बघा. आणि दुर्बिणीतून नाक बघा. लहानपणी गुलाबी असतं, वय वाढेल तसं काळं होत जातं, पाच-सहा वर्षांच्या सिंहाचं साधारण निम्मं काळं झालेलं असतं. दिवसाचे १८-२० तास झोपतो हे खरंय, त्यामुळे दुपारी झोपलेल्या सिंहासमोर दोन तास घालवू नका, उन्हं उतरताना या, लागोपाठ जांभया द्यायला लागले की थोड्या वेळात कळप उठणार.

पायरी ५: कान आणि शेपूट

आतापर्यंत कोण आहे ते ओळखलं, इथून पुढे त्याच्या मनात काय चाललंय ते. ह्यासाठी हत्तीइतका चांगला मास्तर नाही आणि शाळा म्हणाल तर केनियातलंच अंबोसेली नॅशनल पार्क, तिथे १९७२ पासून हत्तींच्या कुटुंबांवर अभ्यास चालू आहे, एकेका हत्तीला कानाच्या फाटक्या कडांवरून ओळखतात.

आधी आपल्या आणि त्यांच्या हत्तीतला फरक. आफ्रिकेतल्याचे कान प्रचंड, खांदा झाकतात, पाठ मधे खोलगट, आपल्याची कमानीसारखी. आपल्याच्या डोक्याला गणपतीसारखी दोन गंडस्थळं उठून दिसतात, त्यांच्याकडे कपाळ सपाट. सुळे नर-मादी दोघांना. सोंडेच्या टोकाला त्यांच्या दोन बोटं, आपल्याच्या एकच.

आता एक जवळून बघितलेलं. अंबोसेलीत सकाळी साडेनऊला एक कुटुंब रस्ता ओलांडत होतं, आमची गाडी बंद. एक मादी गाडीपासून १०-१२ पावलांवर थांबून चरायला लागली. गवत इतकं आखूड की सोंडेत येईना. मग तिने पुढच्या पायाच्या नखांनी जमीन खरवडली, एकदा, दोनदा, गवताची चूड मुळासकट सुटी केली, सोंडेने उचलली, गुडघ्यावर आपटून माती झाडली आणि मग तोंडात. प्रत्येक घासाला हेच. तिची कातडी कातडीवर घासल्याचा खरखर आवाज येत होता. बाजूला पिल्लू तेच करून बघत होतं, त्याला काही जमत नव्हतं, शेवटी त्याने आईच्या तोंडातलंच सोंडेने ओढून खाल्लं. पंधरा मिनिटं गाडीत कोणी बोललं नाही.

तर हत्तीचे कान. संथपणे हलतायत म्हणजे तो अंग गार करतोय, निवांत आहे. कान दोन्हीकडे ताठ पसरले, डोकं उंच, तुमच्याकडे तोंड करून चीत्कार, माती उडवतोय, तर बहुतेक वेळा धमकी, तो पुढे येऊन थांबतो. पण कान मागे चिकटले, सोंड आत वळवली, डोकं खाली आणि आवाज नाही, तर ते खरं, ड्रायव्हर तेव्हा विचारत बसणार नाही, गाडी काढेल, तुम्ही फक्त खाली बसा. नराच्या डोळा आणि कान ह्यांच्या मधल्या जागेतून मद गळताना दिसला आणि मागचे पाय लघवीने ओले असतील तर तो माजावर आहे, लांबूनच नमस्कार. एक मात्र आहे, आफ्रिकेत माद्यांच्या पण गंडस्थळातून पाझरतं, कुटुंबातल्या हरवलेल्या कोणाची भेट झाली किंवा घाबरल्या तरी, तेव्हा नुसता ओघळ बघून माज समजू नका.

बाकीच्यांचं पटकन. वॉर्टहॉग, म्हणजे तिथला रानडुक्कर, पळताना शेपूट अँटेनासारखी ताठ, म्हणजे उंच गवतात मागच्या पिल्लांना आई दिसते. तरसाची शेपूट वर आणि केस पिंजारलेले म्हणजे पेटलाय, पायात घातलेली म्हणजे नमतं घेतोय. बिबट्या शेपूट वर वळवून खालचा पांढरा रंग दाखवत चालला तर तो आत्ता शिकारीवर नाही. आणि लांब गवतात नुसते दोन मोठे कान दिसले, मागच्या बाजूला पांढरा ठिपका, तर हलू नका, तो सर्व्हल आहे, लांब पायांचं रानमांजर, उंदराचा आवाज ऐकतोय, आता उडी मारेल.

पायरी ६: कोण कुठे बघतंय

ताडोबात आपण कान लावून बसतो, चितळाचा कॉल, वानराचा खाकरा, की वाघ. मारात डोळ्यांनी तेच काम करायचं. चरणाऱ्या कळपातले दोन-चार टोपी मान ताठ करून एकाच दिशेला बघतायत, तर तिथे काहीतरी आहे. दुर्बीण त्यांच्यावर लावू नका, ते जिथे बघतायत तिथे लावा. असंच एकदा आम्ही वीस मिनिटं रिकामं गवत बघत होतो, गवत आणि गवत, मग त्यातल्या एका गवताने कान हलवला. सिंहीण होती, आणि तिच्या डावीकडे अजून एक, त्या दोघी टोपीपासून शंभर मीटरवर पोटावर सरपटत होत्या. तासभराने दोघी कंटाळून उठल्या. टोपीने आपल्याला पाहिलंय हे त्यांना कळलं होतं, आणि पाहिलेली सिंहीण शिकार करू शकत नाही. टोपी पण पळून गेला नाही, उलट समोर येऊन फुरफुरत उभा राहिला. पळून न जाता बघत राहणं ही पण एक सुरक्षा आहे हे मी तिथे शिकलो. गॅझेल चारही पाय ताठ करून जागच्या जागी उंच उड्या मारतो ते पण तसंच, मी तगडा आहे, माझ्यामागे लागू नको.

कॅम्पवर व्हर्वेट माकडं असतात, करड्या अंगाची, काळ्या तोंडाची. त्यांचे ओरडण्याचे प्रकार वेगवेगळे असतात, बिबट्यासाठी एक, गरुडासाठी दुसरा, सापासाठी तिसरा, हे अंबोसेलीतल्या माकडांवर अभ्यास करून १९८० मध्ये सिद्ध केलंय. बिबट्याचा ऐकला की सगळी झाडावर, गरुडाचा ऐकला की वर बघत झुडपात, सापाचा ऐकला की मागच्या पायांवर उभी राहून गवतात शोधतात.

पायरी ७: तरसाच्या बिळापाशी थांबा

ही पायरी कुठल्याच टूरच्या कार्यक्रमात नसते, म्हणून मागून घ्यावी लागते. तरस म्हटलं की आपल्याकडे तोंड वाकडं करतात, घाणेरडा, उष्टं खाणारा. मारातला तरस ठिपक्यांचा आहे, आपला पट्ट्यांचा, दोघांचे स्वभाव पण वेगळे. ठिपक्यांचा तरस बहुतेक शिकार स्वतः करतो. १९६० च्या दशकात टांझानियातल्या गोरोंगोरोत रात्र रात्र जागून बघितल्यावर कळलं की सकाळी सिंह खातायत आणि तरस भोवती बसलेत, त्यातल्या कितीतरी शिकारी मुळात तरसांनी केलेल्या आणि सिंहांनी हिसकावलेल्या होत्या. दिसायला कुत्र्यासारखा असला तरी नात्याने तो मांजर-मुंगसाच्या बाजूचा.

त्यांच्यात राज्य बायकांचं. मादी नरापेक्षा मोठी, आणि लहानातली लहान मादी पण बाहेरून आलेल्या नराच्या वर. मुलीला आईच्या लगेच खालचं स्थान मिळतं. मादीचे बाहेरचे अवयव नरासारखेच दिसतात, त्यामुळे नर-मादी ओळखायच्या फंदात पडू नका, अभ्यासकांना पण वेळ लागतो, आणि मारात ते १९८८ पासून तरस बघतायत.

बीळ सामायिक असतं, आत जायची भोकं इतकी अरुंद की मोठं जनावर शिरूच शकत नाही. सकाळी सातच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर जा, गाडी लांब उभी करा आणि इंजिन बंद. आधी काहीच दिसणार नाही. मग भोकातून कोळशासारखं काळंभोर डोकं वर येतं, पिल्लं जन्मतः काळी असतात, डोळे उघडे आणि दात आलेले. एक, मग दुसरं. थोडी मोठी, अंगावर ठिपके उमटायला लागलेली, गाडीच्या टायरचा वास घ्यायला येतात. आई येते, आडवी होते, फक्त आपल्याच पिल्लांना पाजते, दुसऱ्याचं जवळ आलं की दात दाखवते. वर्षभर आणि त्याहून जास्त ती पाजत राहते. जवळच पांढरीशुभ्र, खडूसारखी विष्ठा पडलेली दिसेल, ते हाडांतलं कॅल्शियम, हाडं सकट पचवतो तो. रात्री कॅम्पवर तंबूत पडल्या पडल्या खालून वर चढत जाणारा 'ऊऽऽप' असा आवाज आला तर घाबरू नका, तो हाच, लांबच्या नातेवाइकांना हाक मारतोय.

ड्रायव्हरशी बोलायला थोडी स्वाहिली लिहून ठेवा, त्यांना फार आवडतं: सिंह सिंबा, बिबट्या चुई, चित्ता दुमा, हत्ती तेंबो, गेंडा किफारू, जिराफ ट्विगा, पाणघोडा किबोको, झेब्रा पुंडा मिलिया म्हणजे पट्टेवालं गाढव, आणि तरस फिसी. पहिल्या सकाळी गाडीत बसलात की 'हबारी या असुबुही' म्हणा आणि सांगा, आज सिंबा नाही दिसला तरी चालेल, आधी फिसीच्या बिळापाशी न्या.